आपली फटफटी आपणच दुरुस्त करावी काय?



धार जिल्ह्यातील राजगडजवळ मोहनखेडा नावाचे श्वेतांबर जैनांचे तीर्थ आहे. 'अभिधान राजेंद्र कोश' हा प्राकृताचा सात खंडांचा महाकोश रचणारे आचार्य राजेंद्रसूरी 1906 साली राजगडला निवर्तले. त्यांची समाधी मोहनखेड्याला आहे. पौष शुद्ध सप्तमीला तेथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेच्या रस्त्यावर मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. जैन साधू आणि साध्वी अनवाणी पायांनी चालत येतात, आपले थोडके सामान आपल्याच खांद्यावर वाहतात. वाहन त्यांना वर्ज्य. मी आज ज्या प्रश्नाविषयी बोलणार आहे, तो प्रश्न त्यांना जन्मात पडावयाचा नाही. तो पडतो त्यांच्या शेजारून धूळ उडवीत जाणाऱ्या आम्हां संसारी माणसांना. फटफटी मध्येच बंद पडते, आम्ही ती बाभळीच्या सावलीला लावतो, दोन-चार किका मारतो, आणि मग विचार करू लागतो: हिचे पोट आपणच उघडून पाहावे, की ढकलीत मिस्त्रीच्या दुकानापर्यंत न्यावी?

हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. मलाही प्रथम तो तसाच दिसला होता.

आमचे मूळ घर नगर जिल्ह्यातले. वडिलांपाशी लूना होती. ही लूना 1972 साली आमच्या नगरच्याच कायनेटिक कारखान्यातून निघाली, याचा त्यांना अभिमान वाटे. जणू तिच्यावर त्यांचा काही हक्कच होता. पन्नास सी.सी.चे इवलेसे इंजिन, पायाने मारावयाचे पॅडल, आणि पेट्रोलमध्ये मिसळावे लागणारे ऑईल. ते ऑईल जळून प्लगवर काजळी धरे आणि गाडी धापा टाकू लागे. मग वडील रस्त्याच्या कडेला बसत, प्लग-पान्याने प्लग काढीत, काच-कागदाने घाशीत, धोतराच्या सोग्याने पुशीत आणि पुन्हा बसवीत. या सर्व खटाटोपाला विडी ओढण्याइतकाही वेळ लागत नसे. लूनाच्या धन्याला प्लग साफ करता येत नाही, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. म्हैसूरची जावा आणि येझ्दी, एस्कॉर्ट्सची राजदूत, मद्रासची बुलेट, या सगळ्या गाड्यांच्या धन्यांचे असेच होते. गाडीबरोबर पान्यांची पिशवी मिळे आणि ती शोभेची नसे.

मी नोकरीनिमित्त माळव्यात आलो तेव्हा एक गंमत कळली. त्याच नगरच्या कायनेटिकने होंडा कंपनीच्या सहकार्याने 1984 साली स्कूटरचा जो कारखाना काढला, तो आमच्या या धार जिल्ह्यातच, पीथमपूरला. बटण दाबताच सुरू होणारी, गिअर बदलावे न लागणारी ती स्कूटर. पुढच्याच वर्षी हीरो होंडाची शंभर सी.सी.ची, चार-स्ट्रोकची सीडी-100 आली. तिच्या पेट्रोलात ऑईल मिसळावे लागत नव्हते, प्लग महिनोन्‌महिने पाहावा लागत नव्हता. गाड्या गुणी झाल्या, आणि त्या गुणी झाल्या म्हणूनच त्यांच्या धन्यांचे हात हळूहळू अनाडी झाले. यात दोष कोणाला द्यावयाचा? वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलाच्या आईला अर्धे वैद्यक येते. धडधाकट मुलाच्या आईला ते येत नाही, एवढेच.

मी स्वतः एक जुनी शंभर सी.सी.ची गाडी घेतली. शिक्षकाच्या पगारात बसणारी, दुसऱ्याने वापरलेली. शाळेला जाण्याचा रस्ता निम्मा डांबरी, निम्मा मातीचा. माळव्याची माती काळी. उन्हाळ्यात तिचे पीठ होऊन ते हवेच्या फिल्टरात जाऊन बसते. पावसाळ्यात तिचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा थिजतो की काठीने उकरल्यावाचून चाक फिरत नाही. माही नदीचा उगम आमच्या सरदारपूर तहसिलीतलाच. पुढे गुजरातेत ती मोठी होते, पण इथले तिचे बालरूपही श्रावणात रस्ता अडवावयास पुरेसे असते. अशा मुलखात गाडीची चेन महिन्यात दोनदा तरी पाहावी लागते. दर वेळी राजगडला जाऊन मिस्त्रीपुढे रांगेत बसणे मला परवडेना. शंभर-दीडशे रुपये मजुरी गेली तर फारसे दुःख नव्हते; पण अर्धी सुट्टी जाई, आणि मुलांच्या वह्या तपासावयाच्या राहत.

म्हणून मी शिकलो. शनिवारी संध्याकाळी हे काम करण्याचा माझा परिपाठ आहे. रविवारी नाही. रविवारी मिस्सेच्या दिवशी हात काळे करावयाचे नाहीत, हा घरचा दंडक वडिलांपासून चालत आला आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, गिअर काढून टाकावा, इंजिन बंद ठेवावे. हे शेवटचे मी मुद्दाम सांगतो. इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना चेनला फडका लावणाऱ्या एका गृहस्थांचे बोट अर्ध्यावर तुटलेले मी पाहिले आहे. मग रॉकेलात बुडविलेल्या ब्रशाने एकेक कडी घासावी, कोरडी पुसावी, आणि आतल्या बाजूने ऑईलचे थेंब सोडीत चाक हाताने फिरवावे. पुष्कळ लोक बाहेरून भरपूर ऑईल ओततात. ते लगेच चाकावर उडते आणि धुळीला आमंत्रण देते. चेन बोटाने वरखाली हलविली असता दोन-तीन सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल असली तर दाते खाते, आणि ताठ असली तर बेअरिंग खाते. चेन आवळताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्या लागतात. एक खूण पुढे राहिली तर चाक तिरके बसते आणि गाडी वळणावर चुकार बैलासारखी एका अंगाला ओढते.

टायरमधली हवा हे तर लहान मुलाचे काम. पण तेच सर्वांत अधिक दुर्लक्षित. माझ्या गाडीला पुढे 25 आणि मागे 28 पौंड हवा लागते. मागे माणूस बसावयाचा असेल तर मागच्या चाकात बरीच वाढवावी लागते, आणि हा फरक गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेला असतो. इंजिनाचे ऑईल बदलणेही घरी होते. एक पाना, एक परात आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरे. मात्र निघालेले काळे ऑईल गटारात किंवा विहिरीकडच्या उतारावर ओतू नये. मी ते डब्यात साठवितो आणि मिस्त्रीच्या पिंपात नेऊन टाकतो. वरचेवर एक शेतकरी गाड्याच्या कण्याला वंगण म्हणून मागून नेतो.

या कामात एक निराळे सुखही आहे, ते मी नाकारीत नाही. रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकन लेखकाने 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक 1974 साली प्रसिद्ध केले. हा मनुष्य काही काळ काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकून गेलेला. आपल्या मुलाला मागे बसवून केलेल्या दूरच्या प्रवासाची ती हकीकत आहे. बरोबरच्या मित्राच्या महागड्या बी.एम.डब्ल्यू. गाडीचे हँडल सैल झालेले असते. पर्सिग म्हणतो, पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी मध्ये घालू, काम होईल. मित्राला ते अपमानास्पद वाटते. एवढ्या मोठ्या गाडीला डब्याचा पत्रा! मला मात्र यात नवल वाटले नाही. आमच्याकडे डब्याच्या पत्र्यावाचून कोणते काम अडलेले नाही?

पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचाही मला एकदा अनुभव आला, तो येथे सांगावयास हवा. एका मोठ्या शहरातल्या झगमगीत वर्कशॉपमध्ये मी गाडी टाकली. संध्याकाळी छापील बिल मिळाले. त्यात नवा प्लग, नवा हवेचा फिल्टर. घरी येऊन मी प्लग काढून पाहिला. तो माझाच जुना होता, त्याच्या षटकोनावर माझ्या पान्याचा ओरखडा होता. मला जर प्लग काढता आला नसता, तर मी ते बिल श्रद्धेने जपून ठेवले असते. स्वतःच्या हाताने काम करण्याचा हा मोठाच लाभ आहे: आपण जे काम दुसऱ्याला देतो ते झाले की नाही हे कळू लागते.

इतके सांगून मी थांबलो असतो, तर हे भाषण सोपे झाले असते. 'मिस्त्रीला पैसे कशाला द्यावयाचे, आपले हात काय कामाचे?' असे म्हणून मी मोकळा झालो असतो. काही वर्षे मी तसे म्हणतही असे, शिक्षकांच्या खोलीत, जरा मोठ्याने.

मग एका नाताळच्या आदल्या दिवशी काय झाले ते ऐका. रात्रीच्या मिस्सेसाठी झाबुव्याला जावयाचे होते. मुले मामांबरोबर बसने पुढे गेली होती. मी आणि माझी पत्नी फटफटीवर निघालो. आदल्या शनिवारी मी मागच्या चाकाचे ब्रेक-शू स्वतः बदलले होते आणि त्याबद्दल मनात बरीच फुशारकी होती. राजगडच्या बाहेर अहमदाबादच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच मागचे चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेला एक वयस्क मिस्त्री बसलेला होता. त्याने चाक उतरविण्यासाठी पाना हातात घेतला आणि तो तसाच थांबला. गुडघ्यावर वाकून त्याने पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"मास्साब, पिन कुठे आहे?"

ज्यांनी मागचे चाक कधी खोलले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या ब्रेकची जी तबकडी असते, तिने चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक पोलादी पट्टी तिला गाडीच्या सांगाड्याशी जखडून ठेवते. त्या पट्टीच्या बोल्टाला नट असतो आणि तो नट हादऱ्यांनी सुटू नये म्हणून बोल्टाच्या छिद्रातून एक स्प्लिट पिन घालून तिची टोके वाकवितात. किंमत म्हणाल तर दोन-चार रुपये. ती पिन मी घातलीच नव्हती. नट आट्यांच्या अगदी कडेवर आला होता. मिस्त्रीने तो बोटांनी फिरवून काढला, पान्याची गरजच पडली नाही. पुढे माछलियाचा घाट होता. उतारावर मी ब्रेक दाबला असता आणि तो नट गळला असता, तर ती तबकडी चाकाबरोबर गरकन फिरली असती, पट्टी आऱ्यांत अडकली असती आणि चाक जागच्या जागी बांधले गेले असते. मागे माझी पत्नी बसलेली, पाठीमागून मालट्रकांची रांग. पुढचे मी बोलत नाही.

मिस्त्रीने आपल्या पत्र्याच्या डब्यातून एक पिन काढली, घातली, पक्कडीने टोके वाकविली. त्याने पंक्चरचे पैसे घेतले, पिनचे घेतले नाहीत. मला बोलही लावला नाही. फक्त एक गोष्ट म्हणाला, ती मी माझ्या मराठीत सांगतो. तो म्हणाला, "मास्साब, तुम्ही हे काम वर्षातून एकदा करता, मी दिवसातून चार वेळा करतो. माझे हात विसरत नाहीत." त्या रात्री मिस्सेत माझे लक्ष किती होते हे देवच जाणे. घरी परतल्यावर खिळ्यांच्या डब्याच्या झाकणात ती पिन मला सापडली. मीच तिथे सांभाळून ठेवली होती.

तेव्हापासून मी एक रेघ आखून घेतली आहे. जे चुकले तर गाडी थांबते, ते काम माझे. जे चुकले तर गाडी थांबत नाही, ते मिस्त्रीचे. प्लग चुकला तर मी चालत घरी जाईन. ब्रेक, चाकाचा आस, पुढच्या फॉर्कचे बेअरिंग, ही कामे मी हौसेने करीन, पण मिस्त्रीच्या नजरेखाली, आणि शेवटचा नट तो आवळील. टॅपेट हे या रेघेवरचे काम आहे. तिथली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते आणि ती इंजिन पूर्ण थंड असताना पट्टी घालून मोजावी लागते. मी ती मोजली आहे. परंतु मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगतो ते माझ्या पट्टीपेक्षा अधिक खरे निघते, हेही मी अनुभवले आहे.

मिस्त्रीविषयी आपण सुशिक्षित माणसे फार सैलपणे बोलतो. त्याच्या हाताला काळे लागलेले असते म्हणून त्याच्या विद्येलाही काळे समजतो. डॉक्टरने आला ऐकून निदान केले तर ती विद्या, आणि मिस्त्रीने इंजिन ऐकून केले तर तो अंदाज! त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करताना आपल्या मनात भागाची किंमत तेवढी असते, त्याच्या वीस वर्षांची नसते.

आता या सर्व विषयाला एक नवे वळण मिळाले आहे. 1 एप्रिल 2020 पासून भारतात भारत-स्टेज सहा हे धुराविषयीचे नियम लागू झाले. त्या नियमांत बसावे म्हणून नव्या फटफट्यांतून कार्बोरेटर गेला आणि त्या जागी इंधनाचे फवारे मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. धुराड्यात प्राणवायू मोजणारा सेन्सर आला. गाडी बिघडली की डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो, आणि तो का लागला हे जाणावयाचे तर गाडीला स्कॅनर जोडावा लागतो. हवेच्या दृष्टीने हे चांगले झाले, यात शंका नाही. आमच्या मुलांच्या फुप्फुसांना त्याचा लाभच आहे. पण पेचकस घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरविणारा घरचा हौशी आणि रस्त्यावरचा मिस्त्री, दोघेही एकाच वेळी दाराबाहेर राहिले.

दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग कोणाच्या हाती असावेत, हा वाद मोटारींच्या बाबतीत आपल्याकडे न्यायासनापुढे गेलेला आहे. 2014 साली स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला होता; सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारातल्या मिस्त्रींना मिळू दिली जात नाही, असा ठपका होता. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारी आणि अन्य वाहनेही होती. कागदावरचा हक्क राजगडच्या पत्र्याच्या टपरीपर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. नवी गाडी घेणाऱ्यांना तूर्त माझे सांगणे एवढेच की, वॉरंटीची मुदत असेपर्यंत पुस्तिकेतल्या तारखांना कंपनीच्या वर्कशॉपात गाडी दाखवावी आणि शिक्का घ्यावा. हौस म्हणून आतल्या तारांना हात लावू नये. चेन, हवा आणि ऑईलची पातळी नव्या गाडीतही आपलीच आहे.

त्या वयस्क मिस्त्रीच्या दुकानात हल्ली एक वीस वर्षांचा मुलगा काम करतो. तो माझा विद्यार्थी. दहावीला दोनदा नापास झाला, आणि दुसऱ्या खेपेस तो शाळेत यावयाचा थांबला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो नाही, ही गोष्ट मला अधूनमधून टोचते. गेल्या पावसाळ्यात मिस्त्रीने धाडस करून एक स्कॅनर विकत घेतला. त्याबरोबर आलेली पुस्तिका सारी इंग्रजीत. ती घेऊन मुलगा एका शनिवारी संध्याकाळी माझ्या अंगणात आला. मी चेनला ऑईल घालीत होतो. माझे स्वतःचे इंग्रजी इंटरपुरतेच, यंत्रांचे तर मुळीच नाही. तरी शब्दकोश घेऊन बसलो. मी वाक्य वाचतो, त्याचा अर्थ लावतो. तो म्हणतो, "नाही सर, तसे नसेल, तसे असते तर गाडी स्टार्टच झाली नसती," आणि बहुधा त्याचेच खरे ठरते. मग आम्ही वाक्य पुन्हा वाचतो.

निघताना तो न विसरता माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी बसतो आणि पिन बोटाने चाचपून पाहतो. पुस्तिकेची चाळीस पाने झाली आहेत. ऑक्सिजन सेन्सरचे प्रकरण पुढच्या शनिवारी घेणार आहोत.